हेल्परचा हात

मुंबईत नळ दुरुस्त करणारे गल्लोगल्ली सापडतात, पण त्या डब्याच्या पाण्यापुढे एकानेही तग धरला नव्हता. यायचे, वाकून आत डोकं घालायचे आणि "हे आपल्याकडचं नाही" म्हणून पिशवी उचलून चालू लागायचे. आपल्याकडचं जे होतं ते यांच्या हातून कधी गळत नव्हतं, असा एकेकाचा तोरा.

डबा म्हणजे एक जुनी विलायती कॅरॅव्हॅन. कुणी गोऱ्या जोडप्याने ती कधीकाळी रस्त्याने थेट हिंदुस्थानात आणली, भाईंदरवरून फेरा घालून मनोरीच्या किनाऱ्यावर लावली, एक हिवाळा तिच्यात काढला आणि विमानाने घरी परत गेलं. पुढे काही वर्षं तिच्यात कोंबड्या राहत होत्या. त्या कोंबड्यांना हाकलून डॉक्टर सुहासिनीबाईंनी तिचा फिरता दवाखाना केला. पुढे त्यांच्या ट्रस्टची जीप आणि मागे डबा, गुरुवारी कांजूरमार्गला कचऱ्याच्या डोंगराजवळच्या वस्तीत, शनिवारी वाकोल्याला. आत एक बाक, बाकाखाली पाण्याची प्लास्टिकची टाकी, कोपऱ्यात चिमुकलं बेसिन आणि बेसिनखाली पायाने दाबायचा पंप. पंप दाबला की नळाला पाणी. सगळे पाइप प्लास्टिकचे, सगळे नट प्लास्टिकचे, आणि माप असं की लोहार चाळीतल्या कुठल्याच दुकानात त्याचा जोडीदार मिळू नये.

सात वर्षं हे सगळं एकट्या भाऊरावाने चालतं ठेवलं होतं. भाऊराव जीपचा ड्रायव्हर. नळाचं काम त्याच्या नोकरीत नव्हतं, पण डॉक्टरला हात धुवायला पाणी नाही म्हणजे दवाखाना नाही, एवढं त्याला समजत होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून त्याने कात्रीने वॉशर कापले, बाजारातल्या निरनिराळ्या क्लिपा लावून पाहिल्या, टाकीत शेवाळ धरलं तेव्हा आत हात घालून ती घासली. काय चाललं, काय फसलं, ते कुणी न शिकवता शिकला. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्याचं हे भांडार असायचं आणि तो डबा जीपच्या सीटखाली.

आणि गुणाजीला या कामात भाऊरावानेच आणलं. हे लक्षात ठेवा, कारण गुणाजी ते नेमक्या वेळी विसरला.

दोघं घाटकोपरला टेकडीवरच्या एकाच चाळीत राहायचे, मध्ये दोन खोल्या सोडून. गुणाजी मालवणकडचा, परळच्या एका मिलच्या बॉयलर हाउसमध्ये सतरा वर्षं फिटर. संप झाला, मिल बंद पडली ती पडलीच, आणि त्याला आता चार वर्षं होऊन गेली होती. घर चालत होतं ते बायकोच्या, जानकीच्या खानावळीवर. दहाबारा एकटे पुरुष तिच्याकडे दोन्ही वेळ जेवायचे. गुणाजी तिला कांदे चिरून द्यायचा, नारळ खवून द्यायचा, पण आधी दार लोटून घ्यायचा. कुणी हाक मारली की विळी बाजूला सारून, हात पुसून, मगच दार उघडायचा. सगळ्या चाळीला त्याच्या हाताचा कांद्याचा वास येत होता आणि कुणीही तसं दाखवत नव्हतं.

ट्रस्टला दुसरी एक जुनी कॅरॅव्हॅन मिळणार होती. दोन्ही सांभाळायला एक कायमचा माणूस हवा, असं बाई म्हणाल्या तेव्हा भाऊरावाने गुणाजीचं नाव सुचवलं. एकदा नाही, तीनदा. "बॉयलरवरचा फिटर आहे बाई, याच्यापुढे आपला डबा म्हणजे खेळणं." बाई म्हणाल्या, टाकीखालचा नट गळतोय तेवढा करून दाखवू दे, गुरुवारी मी भेटते.

तर असा रविवार होता, सकाळची दहाची वेळ. डबा चाळीखालच्या मैदानात उभा. गुणाजी आत जमिनीवर आडवा, डोकं बाकाखाली, आणि भाऊराव गुडघ्यावर बसून बॅटरीचा उजेड धरून. टाकीच्या तळाशी जिथून पाइप निघतो तिथला नट. गुणाजीने तो खोलला, भाऊरावाने कापलेला नवा वॉशर घातला, नट परत चढवला. हाताने आवळला. मग बाजूला हात लांब करून त्याने पाइप पाना उचलला.

"ए, पाना नको," भाऊराव म्हणाला. "हातानंच ठेव. प्लास्टिक आहे यार."

"तू माका शिकवतंस? सतरा वर्सां इस्टीम धरून ठेवलंय मी."

"स्टीमचं तू बघ. याचं मी सांगतो ना."

बॉयलर हाउसात एक रीत होती. नट हाताने बसला की वर पान्याचा अर्धा फेरा द्यायचाच. तो अर्धा फेरा न देणारा फिटर नव्हेच. वाफेची लाइन सुटली तर माणूस सोलून निघतो, म्हणून ही शिकवण उस्तादाने गुणाजीच्या हाडात घातली होती. चार वर्षांनी हातात खरा पाना आला होता. गुणाजीने अर्धा फेरा दिला.

कट् असा बारीकसा आवाज आला. भाऊराव त्या वेळी बॅटरीचे सेल ठोकत होता, त्याला ऐकू गेला नाही. गुणाजीला गेला. त्याने अंगठा फिरवून पाहिला, नटाला केसाएवढी भेग लागली.

त्या क्षणी सांगितलं असतं तर काय झालं असतं? भाऊरावाने दोन शिव्या हासडल्या असत्या, कुठल्यातरी भंगारातून दुसरा नट शोधून काढला असता आणि दोघांनी वर जाऊन जानकीच्या हातची कढी प्याली असती. पण चार वर्षांनी पहिलं काम आणि पहिल्याच नटाला भेग, हे तोंडातून निघेना. "अरे, ताग दी," गुणाजी म्हणाला. मिलमध्ये आतल्या आट्यांना लावायचे तसा त्याने तागाला सफेदा, तो पांढरा चिकट लेप, चोपडला आणि नटावरून बाहेरून गच्च गुंडाळून भेग झाकली.

मग परीक्षा. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने पंपावर पाय मारायचा, दुसऱ्याने सांध्याला डोळा लावायचा, कारण पंप ओढायला लागला की पाइप हलतो आणि तेव्हाच सांधा खरं काय ते सांगतो. भाऊराव पाय मारत होता. टाकीत जेमतेम चार बादल्या पाणी होतं. सांध्यातून एक थेंब आला नाही.

"झकास!" भाऊराव म्हणाला. "गुरुवारी बाईंना दाखवू. तुझं काम झालं समज."

गुरुवारी भाऊरावाने टाकी गळ्यापर्यंत भरली. कांजूरमार्गच्या त्या रस्त्याला कचऱ्याच्या ट्रकांनी खड्डे पाडलेले, डबा सगळा वेळ उड्या मारत गेला. गुणाजी जीपमध्ये भाऊरावाच्या शेजारी, धुतलेला सदरा घालून. प्रत्येक खड्ड्याला तो मान वळवून मागच्या डब्याकडे बघायचा. दोन वेळा त्याने सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा रस्त्यालाच नावं ठेवून मिटलं.

वस्तीत पोचले तेव्हा बायका पोरं कडेवर घेऊन रांगेत बसल्या होत्या. बाईंनी चारपाच जणींना तपासलं असेल नसेल, टाकीने दम सोडला. नट दोन तुकडे होऊन उडाला आणि भरलेल्या टाकीचं सगळं पाणी डब्यात पसरलं. बाकालगतच्या खालच्या कप्प्यात पेशंटांचे कागद होते. तीन वर्षांचे, शाईने लिहिलेले. कुणाला कुठलं औषध सोसत नाही, कुठल्या पोराला कुठली लस झाली, कुणाच्या टीबीचा कितवा महिना. भाऊराव आणि गुणाजी धावत आत गेले तोवर कागद उचलला की निळं पाणी ओघळत होतं.

बाई रागावणाऱ्या नव्हत्या, पण त्या दिवशी रागावल्या. साडीचे ओचे भिजलेले, हातात कागदांचा लगदा.

"हा नट कुणी आवळला?"

गुणाजी भाऊरावाच्या आधी बोलला. विचार करून बोलला असता तर निदान अडखळला असता. पण वाक्य तयार होऊनच बाहेर आलं.

"हेल्परचा हात पडला, बाई. भाऊरावाने जास्त आवळलं."

हीसुद्धा बॉयलर हाउसातलीच रीत. साहेब येऊन विचारू लागला की फिटरने हेल्परचं नाव घ्यायचं आणि हेल्परने मान खाली घालायची. संध्याकाळी फिटर त्याला चहाभजी खिलवायचा, पुढे कधी अडचणीत सांभाळून घ्यायचा, आणि विषय संपायचा. फिटर होण्याआधी गुणाजी स्वतः सहा वर्षं हेल्पर होता. उस्तादाच्या चुकांपायी त्याने किती बोलणी खाल्ली त्याला मोजदाद नव्हती. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

भाऊरावाने मान खाली घातली नाही. तो सरळ गुणाजीकडे बघत राहिला, आपण नीट ऐकलं ना, असा. त्याच्या हातात नटाचा अर्धा तुकडा होता आणि तुकड्यावर बाहेरून सफेदा लागलेला. सगळं त्याला तिथल्या तिथे कळलं. गुणाजीने नजर वळवली.

बाई भाऊरावाला म्हणाल्या, "किती वेळा सांगितलं, तुम्ही गाडी चालवा. जे कळत नाही त्यात हात घालू नका. आता हे काम यांच्याकडे. तुम्ही नळाला हात लावायचा नाही. सामान काय असेल ते यांना देऊन टाका."

कधीच सांगितलं नव्हतं तसं, एकदाही नाही. सात वर्षं त्याच माणसाच्या हातच्या पाण्याने त्यांनी हात धुतले होते. भाऊराव जीपपाशी गेला, सीटखालून बिस्किटांचा डबा काढला आणि आणून गुणाजीच्या हातात दिला. रांगेतल्या बायकांना परत जायला सांगायचं कामही त्यालाच करावं लागलं. एकीने विचारलं, खाडा करून आले त्याचं काय? तो पुढच्या बाईला सांगायला गेला.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या हॉटेलात गुणाजीने भाऊरावाला बळेच नेलं. चहा मागवला, कांदाभजी मागवली. भजीची बशी भाऊरावापुढे सरकवली आणि म्हणाला, "मनात धरू नको रे. मिलमधे असाच चालायचा. मी तुका विसरूचंय नाय."

"मिलमधे मी कधी होतो?" भाऊराव म्हणाला.

"तसा नाय..."

"मी तुझा हेल्पर कधी झालो, ते सांग. बॅटरी धरली म्हणून?"

गुणाजीने बशी आणखी पुढे सरकवली.

"आणि एक बघितलंस का? बाईंनी मला एक शब्द विचारला नाही. तू म्हणालास आणि त्यांना पटलं. लगेच." भाऊरावाचा आवाज चढला नव्हता. "तुला ठाऊक होतं, पटणार म्हणून. माझ्या जागी तुमच्या गावचा कुणी असता, तर घेतलं असतंस नाव?"

"आयच्यान सांगतंय, माझ्या मनात तसा काय नव्हता."

"असेल," असं म्हणून भाऊराव उठला. चहा तसाच, भजी तशीच. गुणाजी ती बशी पुढ्यात घेऊन कितीतरी वेळ बसला. मनात नव्हतं, हे त्याने स्वतःला चारपाच वेळा सांगून पाहिलं. पण मनात नसतं तर आपण बाईंच्या तोंडाकडे बघत का बोललो, भाऊरावाकडे का नाही? भाऊरावाची जात खालची मानलेली; तो शब्द गुणाजीने बाईंपुढे काढला नव्हता. काढायची गरजच पडली नव्हती, आणि ही गरज पडणार नाही हे त्याच्या जिभेला आधीपासून ठाऊक होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जानकीला बातमी आधीच पोचली होती. कुणीतरी सांगितलं, गुणाजीला काम लागलं. तिने देवापुढे नारळ काढून ठेवला होता.

"गावली ना नोकरी? आता गाऱ्हाणा घाला बघू."

गुणाजी देवापुढे उभा राहिला. गाऱ्हाणं घालण्यात त्याचा हात धरणारा चाळीत कोणी नव्हता, गणपतीत सगळे त्यालाच पुढे करायचे. "बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात केली, "आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या फुड्यात नारळ ठेवलेलो आसा..." "व्हय म्हाराजा," जानकी म्हणाली. "तो मान्य करून घी, आणि लेकराच्या हातसून काय चुकला आसात..." इथे तो अडला. जानकी "व्हय म्हाराजा" म्हणायला थांबून राहिली. पुढचं काही येईना. त्याने नारळ तसाच ठेवला आणि घसा धरलाय म्हणून पाणी प्यायला.

जानकीला वाटलं, आनंदाने भरून आलं. तिने वडे तळले, कोंबडीचा रस्सा केला आणि पहिला डबा बांधला तो भाऊरावाच्या घरी. "त्येंच्यामुळा झाला ह्या," म्हणत स्वतः घेऊन गेली. परत आली ती हसतच. "रुक्मिणीवयनीन साखर घातल्यान माझ्या तोंडात. म्हणाली, आता भावोजींचे दिवस फिरले."

म्हणजे भाऊरावाने घरात बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याने चारचौघांत बोंब मारली असती, दारात येऊन गुणाजीची आई काढली असती, तर गुणाजीला उलट बरं वाटलं असतं. त्या जेवणाला त्याने हात लावला नाही. जेवायला आलेल्या माणसांनी मात्र रस्सा दोनदा मागून घेतला.

शुक्रवारचा सगळा दिवस गुणाजी लोहार चाळीत हिंडला आणि शेवटी एका भंगारवाल्याकडे त्या मापाचा नट त्याला मिळाला. शनिवारी सकाळी डबा वाकोल्याच्या नाक्याजवळ उभा राहिला तेव्हा बाई अजून कागद उलगडत होत्या, वाचता येतील तेवढे. भाऊराव दाराशी उभा राहून बाक पुसत होता. गुणाजीने बिस्किटांचा डबा बाईंपुढे ठेवला.

"बाई, तो नट मी फोडला."

बाईंनी मान वर केली.

"भाऊरावाने पाना लावू नको सांगितलं होतं. मी लावला. भाऊरावाची काही चूक नाही."

बाईंचा चेहरा चक्क निवळला. "गुणाजी, मला कळतं हो," त्या म्हणाल्या. "शेजारी आहात. त्यांना ओरडा बसला ते तुम्हाला लागलं, म्हणून अंगावर घेताय. चांगला स्वभाव आहे तुमचा."

भाऊराव मोठ्याने हसला. एकदाच, आणि परत बाक पुसू लागला. ते हसू ऐकून गुणाजीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. खोटं बोललो ते एका श्वासात खरं ठरलं, आणि खरं बोलतोय तर आपली कौतुकं होताहेत. आता याहून खाली जायला जागा नव्हती, म्हणून तो सगळंच बोलला. कट् असा आवाज कसा आला, अंगठ्याला भेग कशी लागली, ताग कसा गुंडाळला, गुरुवारी जीपमध्ये दोन वेळा तोंड उघडून कसं मिटलं. तुटक्या नटाचा भाऊरावाने कोपऱ्यात टाकलेला तुकडा उचलून त्याने बाईंना दाखवला. "हा सफेदा बघा बाई, बाहेरून आहे. गळतं म्हणून कुणी बाहेरून लावत नाही. लपवायला लावतात."

बाईंनी तुकडा हातात घेतला. मग तो खाली ठेवून चष्मा काढला.

"भाऊराव, मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठं, बाई?"

बाहेर रांगेतलं एक पोर रडत होतं. बाईंनी चष्मा परत लावला, पण डोळे वर केले नाहीत. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "फार चुकलं. भाऊराव, हे काम आजपासून परत तुमच्याकडे. गुणाजींचं मी..."

"नको," भाऊराव म्हणाला. "गुणाजीच करू दे. घरी चार वर्षं काम नाही, मीच आणलंय त्याला. पण एकट्यानं करू दे. मी जीपमधनं उतरणार नाही. फुटलं तर सांगायला दुसरं नाव जवळ नको."

फडकं दोरीवर टाकून तो खाली उतरला. जीपचं दार लागल्याचा आवाज आला. बाईही बाहेर जाऊन बायकांची नावं लिहून घ्यायला लागल्या. कायमची नोकरी गुणाजीला मिळाली ती अशी.

तो बाकाखाली आडवा झाला. नवा नट चढवला, हाताने आवळला, आणखी अर्ध्या फेऱ्यासाठी शिवशिवणारे हात मागे घेतले. मग रविवारसारखीच हाक मारली, "भाऊ, मार पाय!"

हाक तोंडातून निघता निघताच भाऊराव येणार नाही हे त्याच्या ध्यानात आलं. तो बाहेर सरकला, उठला, पंपावर चारदा पाय मारला आणि पाणी थांबायच्या आत सांधा बघायला परत घाईघाईने आडवा झाला. पोचेपर्यंत पाइप हलायचा थांबलेला. परत उठला, परत पाय मारला, परत आडवा. दारातून दिसणाऱ्या दोनतीन बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. समोर जीपच्या आरशात भाऊरावाचे डोळे दिसत होते, रस्त्याकडे लागलेले. गुणाजीला लाज वाटत होती आणि ती वाटतच राहणार होती. तो परत उठला आणि पंपापाशी गेला.